मागचं गवत

"काकू, बाबांच्या मागचं ते वाळलेलं गवत काढून टाका. तिथं मस्त हिरवं जंगल टाका. धबधबा असला तरी चालेल."

चिंधूजींच्या मुलाचा, अश्वजितचा, हा निरोप फोनवर आला तेव्हा मी दुकानात उभ्याउभ्या चहा पीत होते. टोस्ट हातातच भिजला, तुटला आणि कपाच्या तळाशी गेला. निरोपात वावगं काही नव्हतं. माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि माणसाच्या मागचं काढून टाकणं हाच माझा धंदा. वाढदिवसवाल्याच्या मागची कपड्यांची दोरी काढून मी तिथं सिंह बसवते. मयताच्या मागचा लग्नाचा मांडव काढून ढग घालते, कारण आपल्याकडं बहुतेक माणसांचा बरा फोटो कुणाच्या तरी लग्नातच निघालेला असतो. वर्ध्याच्या चौकाचौकांत माझे ढग टांगलेले आहेत. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा दहावीनंतर सुटली, आणि संगणक मी चुकत चुकत शिकले, एका मेलेल्या माणसाचा कान कापून, दुसऱ्याला दोन टिळे लावून. तेव्हा गवताच्या जागी जंगल म्हणजे माझ्या हातचा मळ. पण फोटोखाली मजकूर होता. निसर्गमित्र कालकथित चिंधूजी ताकसांडे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ भव्य वृक्षारोपण. हजार झाडे. रविवारी सकाळी. स्थळ : ई-क्लास माळ, तळेगाव (श्यामजी पंत). मी 'स्थळ' वाचलं, पुन्हा वाचलं. सरकारी चराईच्या माळावर झाडं. त्याच माळावर.

चिंधूजी माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते पाटी छापायला. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं, आणि पायांत चिखल वाळलेले बूट, जणू वरचा माणूस वेगळा आणि खालचा वेगळा. मजकूर त्यांनी तोंडी सांगितला. 'कृपया येथे झाडे लावू नका.' मी म्हटलं, "तोडू नका म्हणाचं असंल तुमाले." तर म्हणाले, "तोडू नका लिवाले सारा जिल्हा बसला आहे बाई. मी लावू नका म्हणून राह्यलो. लिवा." मी हसले. ते हसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून, बसमध्ये सुट्ट्यांवरून वाद घालणाऱ्या प्रवाशाला समजवावं तसं त्यांनी मला समजावलं. "जंगल म्हणजे झाडंच, हे तुमाले कोनं सांगतलं? माळ आहे थो. वरून पाह्यलं त काईच नाई. पन गवतावर जगणारं गवतावरच जगते. तिथं झाड लावलं का त्याच्यावर कावळा बसते, शिकरा बसते. खाली सावलीत कुत्रं बसते. अन् भुईवर अंडी घालते तिनं मंग कुठी जावं? वर्ध्याले, तुमच्या दुकानात?" मी पाटी छापून दिली. मोठ्या अक्षरांत, लाल. ती एक पावसाळा टिकली आणि मग कुणाच्यातरी शेळ्यांच्या छपरावर गेली. चिंधूजी म्हणाले, "चला, निदान थ्या छपरावर त कोनी झाडं लावत नाई." हे वाक्य हसत हसत म्हणाले, पण मला आठवतं, म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा जबडा आवळलेला होता.

त्यांना मान फार मिळाला. शाळांनी नारळ दिले, शाली दिल्या, घरात शालींची एक पेटी भरली. वनखात्याची माणसं त्यांना फोन करून पाखरांची नावं विचारत. माळावरचा मुरूम खणून नेणाऱ्या ट्रॅक्टरांपुढं ते एकटे उभे राहिले होते आणि गवळाऊ गाई चारणारे लोक मागून काठ्या घेऊन आले होते, ही गोष्ट आष्टीच्या बाजारात अजून सांगतात, दर वेळी एक ट्रॅक्टर वाढवून. सगळ्यांनी त्यांना मान दिला, आणि मान दिला की ऐकायची गरज उरत नाही हे मला त्या संध्याकाळी संगणकासमोर बसल्यावर समजलं. ते गेले थंडीत, साध्या तापानं. आता उन्हाळ्याचा शेवट आलाय आणि प्रेमाची माणसं एकत्र येऊन त्यांच्या माळावर हजार झाडं लावणार आहेत. वैऱ्यानं हे केलं असतं तर चार काठ्या निघाल्या असत्या. प्रेमापुढं कुणी काठी काढायची?

मी कापायला बसले. फोटो माझाच होता. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या फोनवर काढलेला, त्यांच्या लेकीनं, मयुरीनं, मागितला म्हणून पाठवलेला. म्हणजे ते माझ्याकडेच बघून कसनुसे हसत होते, आणि मी माउसनं त्यांच्या टोपीच्या कडेनं टिंब टिंब लावत चालले होते. माणूस कापताना त्याच्याकडं बघायचं नसतं, कडेकडे बघायचं असतं. टोपी, कान, कानावरचे पांढरे केस, मग खांदा. खांद्यापाशी माझा हात थांबला. दर रविवारी ते लोकांना माळ दाखवायला नेत, आणि ह्या खांद्यामागून मी कितीतरी रविवार चालले. पहाटेची वर्ध्याहून गाडी, तळेगावच्या फाट्यावर उतरायचं, ते तिथं आधीच उभे. सुरुवातीला आम्ही पाचसहा जण होतो, एक बँकेतला, दोन कॉलेजच्या मुली, मग ऊन वाढलं तसे सगळे ज्ञानी झाले आणि घरी बसले. मी राहिले. का राहिले असं लोकांनी एकमेकांना विचारलं, मला कुणी विचारलं नाही. माझा नवरा नाचणगावला त्याच्या भावाकडं असतो आणि मी वर्ध्याला असते, आणि यावर आमचं दोघांचं एकमत आहे, लग्नातलं पहिलंच. रविवारी दुकान बंद ठेवून घरी बसलं की भिंती जवळ येतात. माळावर भिंती नव्हत्या. एवढंच होतं. एवढंच होतं का? मी कधी नीट बघितलं नाही. कडेकडेनं टिंबं लावत गेले.

चालायची त्यांची रीत होती. गाईच्या वाटेनं चालायचं. गाई माळावर जिथून रोज जातात तिथं भुईवर बारीक वाट पडते, त्याच वाटेवर पाऊल ठेवायचं, कारण पाखरू त्या वाटेवर अंडी घालत नाही, त्याला गाय माहीत असते. एकामागं एक, न बोलता. आणि कुठं घरट्यावरून पाखरू उठलं, पळत सुटलं, की चिंधूजी हळूच म्हणायचे, "पाठ करा." मग सगळ्यांनी त्या जागेकडं पाठ करून उभं राहायचं. पाखरू डोळ्यांना भितं, पाठीला भीत नाही, असं त्यांचं म्हणणं. खुणेला दगड ठेवायचा नाही, कावळ्यालाही खूण कळते. फोटो काढायचा नाही. नुसती पाठ करून उभं राहायचं, थोडा वेळ, आणि मग मागं न बघता निघून जायचं. पहिल्यांदा मला हा अपमान वाटला. गाडीभाडं खर्चून आले, ऊन सोसलं, आणि बघण्यासारखं जे आहे त्याच्याकडं पाठ. मी म्हटलं, "हे कसलं पाह्यनं जी?" ते म्हणाले, "पाह्यलंच पायजे का सारं?"

मी चित्र आणखी मोठं केलं, कोपराची कड नीट दिसावी म्हणून. कोपराच्या मागं गवत होतं, पिवळं, तांबूस, मोडलेलं, आणि त्या गवतात एक डोळा होता. मी मान मागं घेतली. पुन्हा पुढं नेली. डोळ्यावरून एक पांढरी रेघ मागं गेलेली, तिच्याखाली काळी, डोक्यावर तांबूस टोपी, आणि खाली माती आहे की पाठ आहे हे कळू नये असं अंग. धाविक, भुईवर अंडी घालणारं ते पाखरू. भुईला चिकटून बसलेली. मी फोटो काढला तेव्हा मला ती दिसली नव्हती. मला वाटलं होतं, फोटोला माणूस तोंड करतो तसं त्यांनी माझ्याकडं तोंड केलंय. आत्ता, ते जाऊन अर्धं वर्ष झाल्यावर, पंख्याच्या घरघरीत मला कळलं, की त्यांनी माझ्याकडं तोंड केलं नव्हतं. तिच्याकडं पाठ केली होती. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण माझं बोट माउसवर होतं, आणि एक बटण दाबलं की ती, तिच्या पोटाखाली जे काही होतं ते, सगळं जाऊन तिथं धबधबा येणार होता.

मी अश्वजितला फोन लावला. पुण्याला नोकरी करणारा, नीटस, वडिलांसारखाच गळ्यापर्यंत बटण लावणारा मुलगा. "झालं का काकू?" मी म्हटलं, "होते. एक इचारू का? माळावर काऊन लावून राह्यले झाडं? शाळेपाशी लावा. रस्त्यानं लावा." तो म्हणाला, "आईची इच्छा आहे. आई म्हणते, सारी जिंदगी थो माणूस थ्या माळावर उन्हात फिरला, त्याच्या डोक्यावर सावली नोती, आता तिथं सावली झाली पायजे. ग्रामपंचायतीनं एका दिवसात परवानगी दिली. जेसीबी उद्या सकाळीच लागते. खड्डे होऊन जातील, परवा लोक आले की फक्त रोप टाकायचं." उद्या सकाळी. मी म्हटलं, "पन तुमचे बाबा माळावर झाडं नको म्हनत होते." मग तो म्हणाला, आवाज न चढवता, "काकू, बाबा काय म्हणत होते हे आता आम्ही तुमच्याकडून समजून घ्यायचं का?" मी माउस बाजूला सारला. "तसं नाही म्हणत मी," तो लगेच म्हणाला. "पण गावात लोक बोलतात. आईनं कधी काही म्हटलं नाही. तुम्ही फक्त फ्लेक्स आणून द्या, मोठे उपकार होतील."

आईनं कधी काही म्हटलं नाही. त्या आईला, जिजाबाईंना, मी इन मीन तीनदा भेटले असेन, दर वेळी उंबऱ्याच्या अलीकडून. पण त्यांच्या हातचं खाल्लं मात्र दर रविवारी. चिंधूजींच्या जुन्या कातडी पिशवीत, जिच्यात पूर्वी तिकिटं असायची, ज्वारीच्या भाकरी आणि झुणका असायचा, कांदा, कधी आंबाडीची भाजी, आणि तो दोघांना पुरेल एवढा असायचा. पहिल्यापासून. एका माणसासाठी कुणी तेवढ्या भाकरी बांधत नाही. त्या माझ्या वाटणीच्या भाकरी कोण थापतं, काय विचार करत थापतं, हे मी कधी विचारलं नाही, आणि चिंधूजींनी कधी सांगितलं नाही. आम्ही दोघं बाभळीएवढंही झाड नसलेल्या माळावर, तिसऱ्या माणसाच्या हातचं, न बोलता खात बसायचो. आता त्या तिसऱ्या माणसाला जाऊन मी काय सांगणार होते? की बाई, तुमचा नवरा तुम्हाला कळला नाही, मला कळला? तुमची सावलीची इच्छा मोडा, कारण रविवारी मी सोबत होते? कुठल्या तोंडानं? आणि नाही सांगितलं तर उद्या सकाळी ते पिवळं यंत्र दात लावणार. यंदा ती तिथं बसली असेल की नसेल, हेही मला माहीत नव्हतं. ते गेल्यापासून मी माळावर गेलेच नव्हते. कुठल्या नात्यानं जायचं? असं ते वर्तुळ. मी उठून पाणी प्याले, बसले, टिंबं पुसली, पुन्हा लावली, पुन्हा पुसली. शेवटी गवत तसंच ठेवलं. शूरपणानं नाही. माझ्याच्यानं तिला काढवलं नाही, एवढंच. मशीननं फ्लेक्स बाहेर ढकलायला सुरुवात केली तेव्हा आधी गवत आलं, नुसतं गवत, हातभर, दोन हात, पिवळंच पिवळं, आणि मला वाटलं आता माणूस येणारच नाही.

सकाळच्या गाडीत ती गुंडाळी घेऊन चढले तर कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं अलग तिकीट लागंल. तुमच्याहून उंच आहे." मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचं तिकीट नसते दादा." "कोन?" "चिंधूजी ताकसांडे." त्यानं गुंडाळी माझ्या हातातून घेतली आणि आपल्या सीटपाशी, दांड्याला टेकवून, उभी केली, आणि आर्वी येईपर्यंत प्रत्येक वळणावर एक हात तिच्यावर ठेवत राहिला. मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. 'जिजाबाई, एक सांगू का.' 'जिजाबाई, राग मानू नका.' प्रत्येक वाक्य पुढं जाऊन 'ते मला म्हणाले होते' वर पोचायचं आणि तिथं गाडी बंद पडायची. आर्वीच्या पुढं उजाड शेतं, नांगरलेली काळी माती, मध्ये कुठं पाण्याचा टँकर. त्या यंत्रानं किती वाजता सुरुवात केली असेल? उन्हाच्या आत काम उरकावं म्हणून लवकरच केली असेल. शहाणी माणसं लवकरच करतात.

फाट्यावर उतरले, आणि आवाज आधी ऐकू आला. मग दिसलं. माळाच्या रस्त्याकडच्या अंगाला जेसीबी, त्याच्या मागं खड्ड्यांची एक ओळ, प्रत्येक खड्ड्याशेजारी तांबड्या मुरमाचा ढीग. टेम्पोत काळ्या पिशव्यांतली रोपं दाटीवाटीनं उभी, गुलमोहर, करंज, हिरवीगार, निष्पाप. माझे पाय आपोआप गाईच्या वाटेला लागले. वाट धुळीनं बुजत आली होती, पण पायांना ठाऊक होती. गुंडाळी खांद्यावर. डोळे मात्र वाटेवर नव्हते, डाव्या हाताला, यंत्राच्या पुढं, जिथं अजून खणलं नव्हतं तिथं. गवत. गवत. मातीचं ढेकूळ. ते ढेकूळ पळालं. थोडं पळालं आणि ताठ उभं राहिलं, पांढुरक्या काड्यांसारख्या पायांवर, पांढरी रेघ माझ्याकडं. पुन्हा पळालं, पुन्हा उभं. घरट्यावरून उठलेली ती अशीच पळते, सरळ उडत नाही, मागं काही राहिलेलं असलं की असंच करते. म्हणजे घरटं होतं. यंदाही होतं. कुठं ते कळत नव्हतं. यंत्राच्या पुढं असेल, की मागं, त्या तांबड्या ढिगांच्या खाली गेलेलं असेल आणि तिला अजून पटलं नसेल. मी ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. मी चालत राहिले, एका पावलापुढं एक, आणि जुळवलेली सगळी वाक्यं डोक्यातून निघून गेली.

जिजाबाईंना लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, डोक्यावर छत्री धरून मयुरी उभी. बाई वाळलेल्या शेंगेसारख्या झाल्या होत्या, पण नजर तीच, उंबऱ्याच्या पलीकडची. "या," त्या म्हणाल्या. "रविवारच्या बाई आज शनवारीच आल्या." मी म्हटलं, "फ्लेक्स द्याले आली." "थे त दिसूनच राह्यलं. बसा म्हनलं असतं, पन खुर्ची एकच आहे." मयुरी खाली बघू लागली. अश्वजित धुळीनं माखलेला, धावत आला, कामवाल्यांतल्या दोघांना हाक मारली, आणि माझ्या खांद्यावरची गुंडाळी त्यांनी दोन टोकांना धरून उभी उघडली. चिंधूजी उभे राहिले. पुरुषभर उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि मागं गवत. वाऱ्यानं फ्लेक्स फडफडला तसं ते गवत हललं, आणि त्याच्या मागचं खरं गवतही हललं, आणि क्षणभर मला कड सापडेना.

"काकू," अश्वजित म्हणाला, "जंगल टाकायला सांगितलं होतं ना मी?" मी म्हटलं, "माझ्याच्यानं नाई झालं." "नाही झालं म्हणजे? उद्या आमदार येऊन राह्यले. हे असं, उकिरड्यापुढं उभे असल्यासारखे दिसतात बाबा. तुम्हाला सांगितलं असतं नाही होत तर मी नागपूरहून छापून घेतलं असतं." त्याचा आवाज फाटला. राग नव्हता तो. सहा महिने आवरून धरलेलं काहीतरी होतं, आणि त्याला माझं गवत आडवं आलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तर जिजाबाई म्हणाल्या, "इकडं आना रे थे. जवळ."

त्या दोघांनी फ्लेक्स खुर्चीपुढं आणला. जिजाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं फार वेळ बघितलं नाही. मग त्यांचा हात वर आला, आणि बोट चिंधूजींच्या बाहीवरून घसरत कोपरापर्यंत गेलं, कोपरावरून मागं, गवतात. जुन्या गोधडीवर सुई चाचपावी तसं ते बोट गवतातून फिरत गेलं आणि थांबलं. "हे काय आहे? डोया आहे का हा?" सगळे वाकले. कुणाला दिसेना. "दिसत नाई तुमाले? हा पाह्य. हा डोया. हे नाक." मी म्हटलं, "चोच आहे. पाखरू आहे थे. अंड्यावर बसेल आहे." "अन् हे असे काऊन उभे?" "तिच्याकडं पाठ करून उभे आहेत. तिनं भिऊ नाई म्हणून." "कुठी काढला हा फोटो?" "इथंच," मी म्हटलं. "मागच्या उन्हाळ्यात." आणि मग जे सांगायचं नव्हतं ते आपोआप निघालं, पण मी बसमध्ये जुळवलं होतं तसं नाही. "आता येताना बी एक पळताना दिसली. तिकडं. मशीनच्या पुढं. घरटं असंल तिचं. का नसंल आता, मले माहीत नाई."

जिजाबाईंनी खाली बघितलं, आपल्या पायांकडं. लुगड्याच्या काठाला कुसळं लागली होती, दाटून, माळावर चार पावलं चालल्यावर लागतात तशी. त्या खुर्चीवरून उतरल्या. मयुरी "आई, आई" करत राहिली, आणि त्या सरळ भुईवर बसल्या, पुढच्या खड्ड्यासाठी चुन्यानं आखलेल्या फुलीवरच, आणि काठ मांडीवर घेऊन एक कुसळ उपटून उन्हात धरलं. पीळ पडलेलं, टोकदार, शेपटीला केस. "हे पाह्य," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. "हे. दर रविवारी रातच्याले हे मी काढत होती. त्याईच्या मोज्यातनं, पँटीच्या शिवणीतनं. सुईनं काढा लागे. बोटात घुसे. मी म्हनो, कुठच्या जंगलातून येता जी तुमी. अन् पाय बाप्पा, इतक्या सालात त्याईच्या कपड्याले झाडाचं पान म्हनून कदी चिकटलं नाई. एक पान नाई. मले कवा डोक्यात नाई आलं." यंत्र पुढं सरकलं होतं. त्याचा राकेश नावाचा चालक खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ आजी, बाजू व्हा! फुलीवर बसल्या तुमी!" जिजाबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. दुसरं कुसळ काढलं.

"आई, ऊठ," अश्वजित म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना सावली पायजे म्हणून." "म्हनली होती. मले वाटे, भेटली नाई त्याईले सावली." त्यांनी कुसळ बाजूला टाकलं. "पायजेच नोती त्याईले. पायजे असती त घरी बसले नसते?" हे त्या हसत म्हणाल्या की कसं ते मला आजही सांगता येत नाही. "बंद कर म्हना त्याले. अन् खनले थे खड्डे भर, जसे होते तसे." "आणि रोपं? सरपंचांना काय सांगू?" "सरपंचाच्या दारात लाव दोन. विहाराच्या अंगणात लाव, फाट्यावर लाव, जिथं मानसं गाडीची वाट पाह्यतात. मानसाले सावली पायजे." अश्वजित उभा राहिला. त्यानं आईकडं बघितलं, मग फ्लेक्सकडं, मग माझ्याकडं, आणि त्या नजरेत माफी नव्हती, पण दाराची कडी काढल्यासारखं काहीतरी होतं. त्यानं हात वर केला. राकेशनं यंत्र बंद केलं. ती शांतता इतकी एकदम आली की कान दुखले.

जिजाबाई हात टेकून उठल्या. "कुठी आहे थे? दाखवा मले." माझी नजर तिकडं गेली आणि मी ती ओढून परत आणली. "पाह्यचं नसते," मी म्हटलं. "पाठ करा लागते." "पाठ?" "थे पाठीले भीत नाई, म्हनत होते." जिजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पहिल्यांदाच, मग पदर सावरला आणि वळल्या. मयुरी वळली. अश्वजित वळला. राकेश यंत्रावरून खाली उतरला होता, त्याला काही कळलं नव्हतं, पण सगळे वळले म्हणून तोही वळला. फ्लेक्स धरलेले दोघं तसेच उभे राहिले, त्यामुळं चिंधूजीही आमच्याच ओळीत, आमच्यासारखेच, रस्त्याकडं तोंड करून. पाठीवर ऊन होतं. मानेच्या मागं काहीतरी चालत होतं, वारा असेल. मला वाटत होतं मागं त्या ढिगांत ती शोधत असेल, अंडी नसतील, असतील, कावळा आला असेल. माझी मान कधी नव्हे इतकी वळू वळू करत होती. रस्त्यावरून अमरावतीचा ट्रक गेला, त्याच्या ड्रायव्हरनं आम्हाला बघितलं असेल तर काय समजला असेल कोण जाणे.

"आली का नाई आली, हे कसं कळते मंग?" जिजाबाईंनी हळूच विचारलं.

"कळत नाई," मी म्हटलं. "थोडा वेळ उभं राह्यचं अन् मागं न पाह्यता निघून जाचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग यात काय आहे मोठं," त्या म्हणाल्या. "हे त मी दर रविवारी घरी करत होती. दोघांच्या भाकरी बांधून."

त्यांनी खाली बघून गाईची वाट शोधली, पावलानं धूळ बाजूला सारली आणि त्या वाटेला लागल्या. मी मागून निघाले, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत. लुगड्याच्या काठाला अजून कुसळं होती. त्या फाट्यापर्यंत एकदाही वळल्या नाहीत, आणि त्या वळल्या नाहीत म्हणून मलाही वळता आलं नाही.